तरुणांना सेवेला पाठवायचं तर आधी मंडळीने पाठवायला शिकावं

ताई, सलाम.

तुमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी मिशन रविवार होतो, तरुणांना सेवेला जायचं आवाहन करणारा. बाहेरून वक्ते येतात, शेवटच्या गीताला दहा-बारा तरुण पुढे येऊन गुडघे टेकतात, पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, आणि पुढचा मिशन रविवार आला तरी त्यांच्यातलं कुणी कुठे गेलेलं नसतं. परक्या भाषेच्या, परक्या रीतिभातीच्या लोकांत जाऊन सेवा करायला या मुलांना उत्तेजन कसं द्यावं, असं तुम्ही विचारलंत. शिवाय तरुण संघातली एक मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, खरोखरच जायचं म्हणते आणि तिचे वडील ऐकत नाहीत. तिला काय सांगावं, हेही विचारलंत.

मी आणि माझे मिस्टर बरीच वर्षं अमरावतीकडच्या मेळघाटात कोरकू आदिवासींमध्ये राहिलो. आता पुण्यात असते आणि सेवेला निघू पाहणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या मुलांमध्ये काही कमी नाही. त्या दिवशी गुडघे टेकणारी मुलं खोटी नसतात. उणीव आहे ती पाठवणाऱ्यांची. सोमवारी त्या दहा-बारा जणांना फोन करून ‘काल तू पुढे आलास, गुरुवारी संध्याकाळी घरी ये, बसून बोलू’ असं म्हणणारं मंडळीत कुणी नसतं. मग मंगळवारी ऑफिस असतं, बुधवारी क्लास असतो आणि रविवारची गोष्ट रविवारीच राहते.

बायबलातला प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय तरुण संघात वाचाच, पण त्याआधी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत वाचा. अंत्युखियाच्या मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक उपास करून उपासना करत होते, आणि पवित्र आत्मा त्या सगळ्यांशी बोलला की बर्णबा आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, यांना माझ्यासाठी वेगळे करा. जाणारे दोघे होते, पण सांगणं सगळ्यांना होतं. आणि मंडळीने कुणाला दिलं? ज्यांच्यावाचून तिचं अडलं असतं अशा दोघांना. आपण मात्र कॉयरचा उत्तम गाणारा, संडे स्कूलची उत्तम शिक्षिका धरून ठेवतो आणि नोकरी न लागलेल्या मुलाला ‘तू सेवेत का जात नाहीस’ असं सुचवतो. मुलं हे बघत असतात. मंडळी सेवेला काय किमतीचं समजते, ते त्यांना कुठल्याही भाषणापेक्षा यातून जास्त कळतं.

तुमच्याकडे येणारे वक्ते बहुधा १८८६ सालच्या माउंट हर्मनची गोष्ट सांगत असतील. अमेरिकेत प्रचारक डी. एल. मूडी यांच्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी परदेशात सेवेला जायची तयारी दाखवली, त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि पुढच्या दशकांत हजारो तरुण जगभर गेले. त्या चळवळीचा प्राण असलेला रॉबर्ट वाइल्डर आपल्या कोल्हापूरचा, म्हणजे १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा. गोष्ट सांगणारे शंभर हातांपाशी थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस घरी बसून याच गोष्टीसाठी नेमाने प्रार्थना करत होते. नंतर रॉबर्ट आणि लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा जॉन फोरमन असे दोघे वर्षभर कॉलेजांमागून कॉलेजं फिरले, विद्यार्थ्यांना भेटले, त्यांच्याशी बोलले. शिबिर मध्ये होतं. तुमचा मिशन रविवारही तसाच मध्ये असला तरच फळ देईल.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे आणि ते मी जास्त वेळा सांगते. व्ही. एस. अझरया हा तिरुनेलवेलीकडचा तमिळ तरुण, वायएमसीएत सेक्रेटरी होता. १९०२ मध्ये तो श्रीलंकेतल्या जाफन्याला गेला तेव्हा तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने दुसरीकडे सेवक पाठवतात हे त्याने पाहिलं. तिरुनेलवेलीच्या मंडळ्या जुन्या, मोठ्या, पण त्या कुणालाही पाठवत नव्हत्या, याची त्याला लाज वाटली. परत येऊन १९०३ मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी उभी केली. भारतीय माणसं, भारतीय पैसा, भारतीय कारभार. निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखात, डोर्नाकलला त्यांनी काम सुरू केलं. पुढे अझरया स्वतःच तिथे गेला, तेलुगू शिकला, आणि १९१२ मध्ये डोर्नाकलचा बिशप झाला, अँग्लिकन मंडळीतला पहिला भारतीय बिशप. क्रम लक्षात घ्या. त्याने आधी पाठवणारं घर बांधलं, मग जाणारे उभे राहिले, आणि त्यांत तो स्वतःही होता.

आपल्या मराठी मंडळ्यांचं दुखणं हेच आहे. आपल्याला शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, बोर्डिंग मिळालं, कंपाउंडात घर मिळालं. मी ते कमी लेखत नाही, माझी आई बोर्डिंगमध्ये शिकली म्हणून मी शिकले. पण घेणारे म्हणून आपण इतकी वर्षं राहिलो की देणारे आपणही असू शकतो, हे मनात येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या लहान समाजाला स्वतःला जपावंसं वाटतं, हे स्वाभाविक आहे. तरीही आपल्याच मातीत पंडिता रमाबाई झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या शेकडो मुली एका ताटात जेवल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं, आणि छापखान्यात काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव जेमतेम दीड-दोन तासांवर आहे. तरुण संघाला सहलीला महाबळेश्वरला नेता तसं एकदा तिथे न्या.

आता सुरुवात कुठे करायची? पुण्यातच. तुमच्याच इमारतीत सकाळी इंग्रजी उपासना होते, मग मराठी, आणि संध्याकाळी तमिळ की तेलुगू मंडळी जमते असं तुम्ही लिहिलंत. एकमेकांच्या गाड्या काढून द्यायच्या एवढाच त्यांचा तुमचा संबंध असेल, तर नागालँड आणि झारखंड फार दूर आहेत. मी मुलांना पहिलं काम हे देते: वर्षभर एक भाषा, एक समाज, एक वस्ती. बाणेर-हिंजवडीकडे इमारतींच्या कामावर आलेले ओडिशा, बिहार, छत्तीसगडचे मजूर आहेत. मुळशी-मावळात कातकरी वाड्या आहेत. कॉलेजांत ईशान्येकडची मुलं आहेत, परदेशी विद्यार्थी आहेत. त्यांतला एकच समाज निवडा. चार ठिकाणी बिस्किटं वाटून फोटो काढणारी ‘आउटरीच’ मी बंद करायला सांगते, कारण तिच्यातून मुलं फक्त द्यायला शिकतात. परक्या माणसाच्या घरी जेवायला बसायला शिकणं याहून कठीण आहे. ओडिया मजुराच्या पत्र्याच्या खोलीत त्याने केलेला पखाळ भात खाऊन, त्याच्या गावाचं नाव नीट उच्चारून, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणारा मुलगा मला दिसला की त्याच्यावर मी लक्ष ठेवते. भाषण चांगलं करणाऱ्यावर तितकं ठेवत नाही.

कुणी विचारेल की हे सगळं महाराष्ट्रातच आहे, यात परकं ते काय. मेळघाटचं सांगते. अमरावती, परतवाडा, मग घाट चढून चिखलदरा, नाहीतर धारणी. पासपोर्ट लागत नाही, सातबारा मराठीत, शाळेचं पुस्तक मराठीत. पण आई बाळाशी बोलते ती कोरकूत. आणि कोरकूचं मराठीशी काही नातं नाही, ती मुंडा कुळातली, संथाली आणि मुंडारीच्या गोतातली भाषा. तिच्यात एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन आहे, सजीव-निर्जीवाचा भेद व्याकरणात येतो. मराठी माणूस तिथे पहिल्या दिवशीच अडाणी ठरतो, आणि ठरलाच पाहिजे.

याहून अवघड गोष्ट वेगळी आहे. स्वच्छ मराठी बोलत गावात येणारा माणूस तिथे आजवर कोण होता? फॉरेस्टचा माणूस, तलाठी, मास्तर, व्यापारी. म्हणजे आपण तोंड उघडलं की कुठल्या बाजूचे ते आधीच ठरलेलं असतं. पुण्यात ज्या मुलाला त्याच्या आडनावावरून किंवा वस्तीवरून लोकांनी खाली बसवलं असेल, तोच मुलगा मेळघाटात गेल्यावर खुर्चीवर बसवला जातो. आपल्या पुष्कळ मुलांना हा अनुभव नवा असतो आणि काहींना तो गोड वाटतो. हे त्यांना निघण्याआधी सांगायला हवं. जमिनीवर बसण्याचा निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यावा लागतो, नंतर सवय मोडत नाही.

बाजारहाट हिंदीवर भागतं, त्यामुळे बरेच जण हिंदीवरच थांबतात. हिंदीत सोयाबीनचा भाव विचारता येतो. मूल दगावलेल्या आईजवळ बसायला हिंदी पुरत नाही, आणि मेळघाटात त्या आईजवळ बसण्याची वेळ येते, वारंवार येते. म्हणून जो संस्थाचालक नव्या मुलाला पहिल्याच महिन्यात अहवाल मागतो, किती घरं झाली, किती सभा झाल्या, त्याच्याकडे मी कुणाला पाठवत नाही. पहिली दोन वर्षं भाषा, त्या माणसांच्या शेताची कामं, त्यांचे सण, त्यांची दुखणी. दुसरं काही मागू नये.

आणि गाणी. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंगात आणि कीर्तनात ख्रिस्त गायला शिकवलं, त्याआधी मराठी मंडळी बऱ्याच अंशी इंग्रजी चालींवर गात होती. ज्या मंडळीला स्वतःच्या तोंडात स्वतःचं गाणं येण्याचा आनंद ठाऊक आहे, तिने कोरकू माणसाला टिळकांचे अभंग पाठ करायला लावावेत का? मी तिथे असं होताना पाहिलं आहे. टाळ घेऊन मराठी चालीत गाणारी कोरकू मुलं पाहून पाहुणे खूश होतात. त्यांचा ढोल, त्यांची बासरी कोपऱ्यात पडून असते. टिळकांचा खरा वारसा चालवायचा तर तिथल्या ढोलावर तिथल्या माणसाला त्याचं गाणं रचू द्यावं आणि आपण मागे बसून ते शिकावं.

आता आईवडील. तुमचा प्रश्न तरुणांविषयी आहे, पण निम्मं काम इथेच आहे. पुण्यातल्या आपल्या घरांचा इतिहास बघा. आजोबा गावाकडे मोलमजुरी करणारे किंवा मिशनच्या शाळेत शिक्षक, वडील खडकीच्या फॅक्टरीत नाहीतर पिंपरीच्या कंपनीत चिकटले, मुलगा इंजिनिअर झाला. पहिल्यांदाच घरावर स्लॅब आला, बँकेचा हप्ता चालू आहे. त्या मुलाने नोकरी सोडून छत्तीसगडला जायचं म्हटलं आणि बाप गप्प झाला, तर ती अविश्वासाची खूण नसते. दोन पिढ्यांच्या कष्टांचा हिशेब त्याच्या डोळ्यांपुढे असतो. अशा बापाला ‘प्रभू पुरवील’ असं सांगण्याचा अधिकार ज्याच्या मुलाचा पगार महिन्याच्या एक तारखेला येतो त्याला नाही.

मी घरी जाते. पाळकांना बरोबर घेते, मुलाला त्या दिवशी बोलू देत नाही. वडिलांना बोलू देते. ते विचारतात ते सगळे प्रश्न खरे असतात. मानधन किती, दर महिन्याला मिळतं का? आजारपणाचा विमा आहे का? पीएफ आहे का? आम्ही आजारी पडलो तर त्याला सुट्टी मिळेल का? पाच वर्षांनी परत आला तर वय निघून गेलेलं असेल, मग काय? या प्रश्नांची उत्तरं पाठवणाऱ्या संस्थेकडून लेखी आणायची. जी संस्था लेखी देत नाही, तिच्याकडे मुलगा द्यायचा नाही, मग तिचं नाव कितीही मोठं असो. एवढं केलं की निम्मे वडील नरमतात. उरलेले नरमत नाहीत, आणि त्यांच्यावर आज्ञाभंगाचा दोष ठेवून मुलाला घरातून फोडणं मला मान्य नाही. थांबायचं. मी थांबलेली मुलं पाहिली आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही.

आई मात्र वेगळा प्रश्न विचारते, आणि तो बहुधा स्वयंपाकघरात विचारते: लग्नाचं काय? मुलीच्या बाबतीत तर हा पहिला प्रश्न असतो. याला मंडळीत मोकळेपणाने तोंड फोडा. सेवेत असलेल्या मुलीला स्थळ आलं की ‘नोकरी कुठे?’ म्हणून नाक मुरडणारे आपल्याच मंडळीतले असतात. दोघांना सेवेची ओढ आहे एवढ्यावरून घाईने लग्न लावून देण्याची एक खोड आपल्यात आहे, तीही बरी नाही. घनदाट जंगलात एका खोलीत दोघांनी राहायचं असतं, तिथे स्वभाव जुळलेले नसतील तर सेवा बाजूला राहते. आणि एकट्या मुलीला एकटीने कुठेही ठेवू नये. निदान दोघी, जवळ एखादं विश्वासाचं कुटुंब, आणि अडचणीत ज्या बाईला ती फोन करू शकेल ती बाई संस्थेच्या बाहेरची.

पैशाबद्दल थोडक्यात. परदेशातून मदत येईल हे गृहीत धरून आता काही उभारता येत नाही. परकीय देणगीचा २०१० चा कायदा २०२० मध्ये आणखी कडक झाला, एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. यात मला वाईट वाटत नाही. मिझोराममध्ये १९१० पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळे काढतात. त्याला त्या बुहफाई थाम म्हणतात. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो, आणि त्या पैशावर सेवक पाठवले जातात. मिझो मंडळ्या गरिबीतही पाठवत होत्या. तुमच्या मंडळीत २० कुटुंबांनी महिन्याला ५०० रुपये बाजूला काढले तर १०,००० होतात. त्याने एका जणाचं सगळं भागणार नाही, पण आणखी एक-दोन मंडळ्या जोडल्या की भागतं. शिवाय ज्या घरातून ५०० रुपये जातात, त्या घरात रात्रीच्या प्रार्थनेत त्या मुलाचं नाव निघतं. माझा भर यावर जास्त आहे.

कायदा मुलांना नीट शिकवा, भीती घालण्यासाठी नाही. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं; दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नाही. ओडिशात १९६७ पासून, मध्य प्रदेशात १९६८ पासून, गुजरातेत २००३ पासून, उत्तर प्रदेशात २०२१ पासून या विषयाचे कायदे आहेत, आणि मेळघाटातून नदी ओलांडून पलीकडे गेलं की राज्य बदलतं, कलमंही बदलतात. जिथे जायचं तिथल्या वकिलाकडून समजून घ्या.

पण कायद्याच्याही आधी आपली स्वतःची रीत हवी. औषध, शिकवणी, धान्य यांच्या बदल्यात कुणाकडून काहीही अपेक्षायचं नाही. शिक्षक म्हणून गेलात तर शिक्षकच व्हा, चांगले व्हा. कुणी विचारलं ‘तुम्ही ख्रिस्ती आहात का, का आलात?’ तर सरळ खरं सांगा. लपवाछपवी केली की पहिला तडा शेजाऱ्याच्या विश्वासाला जातो. पौल सेवा करताना पोटासाठी तंबू शिवायचा, ते खरे तंबू होते. लहान मुलांशी एकट्याने कधी बसायचं नाही. आणि फोन: गावाचं नाव, लोकांचे चेहरे, कुणाच्या प्रार्थनेची गोष्ट व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकायची नाही. पुण्यातल्या मंडळीला ती वाचून उत्साह येतो, पण तिथल्या माणसाला त्यावरून पोलीस पाटलासमोर उभं राहावं लागतं.

कुणाला उत्तेजन देऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं. घरातल्या भांडणातून, मोडलेल्या लग्नातून, नापास झाल्याच्या लाजेतून जो पळू पाहतो, त्याला आधी थांबवा, त्याच्याजवळ बसा. जो कुणाचंच ऐकत नाही त्यालाही. २०१८ मध्ये जॉन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण बंदी असताना अंदमानच्या नॉर्थ सेंटिनल बेटावर गेला आणि मारला गेला. आपल्याकडे काही सभांत त्याचं नाव हुतात्मा म्हणून घेतात. त्याच्या आईवडिलांचं दुःख मोठं आहे आणि त्याच्या मनातल्या प्रेमावर मी शंका घेत नाही. तरीही तरुणांपुढे मी त्याला आदर्श म्हणून ठेवणार नाही. बाहेरच्या जगाचे आजार ज्यांच्या अंगाने कधी पाहिले नाहीत, अशा लोकांच्या जिवाला त्याच्या जाण्याने धोका होता, आणि ज्यांना त्याने येऊ नये असं वाटत होतं त्यांनी ते आधीच बाण मारून सांगितलं होतं. आदर्श ठेवायचा तर पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याचा ठेवा. लुस्त्र आणि इकुन्यातले बंधू त्याच्याविषयी चांगली साक्ष देत होते, म्हणून पौलाने त्याला बरोबर घेतलं. ज्याला गावात ओळखतात आणि गावाला जो हवासा वाटतो, तोच दुसऱ्या गावाला पाठवायला योग्य.

आणि परत येणाऱ्यांसाठी जागा करून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. काही जण वर्षाच्या आत परततील. मलेरियाने, एकटेपणाने, संस्थेतल्या जाचाने. आपल्या मंडळ्यांत त्यांच्याकडे कसं पाहिलं जातं ते मला माहीत आहे. त्यांना संडे स्कूलचा वर्गही देत नाहीत, आणि ते दृश्य पाहून मागची पाच मुलं जायचा विचार सोडून देतात. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघालेला मार्क पिर्गाहून, मध्येच, घरी परतला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबाने त्याला पुन्हा बरोबर घेतलं, आणि शेवटी तुरुंगातून पौलानेच तीमथ्याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं बर्णबाने सांभाळली. तुमच्या मंडळीत असा एक बर्णबा आत्ताच नेमून ठेवा, कुणी निघण्याआधीच.

आता तुमच्या त्या मुलीविषयी. तिला सांगा, आधी शेवटचं वर्ष चांगल्या गुणांनी पुरं कर, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कर. अर्धवट शिकलेली नर्स जंगलात कुणाच्या उपयोगाची नाही. मग एकदम एखाद्या गावात न जाता मिशन हॉस्पिटलमध्ये दोन वर्षं. नंदुरबार जिल्ह्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहे, इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनचं. ही संस्था १९७० पासून उत्तर आणि मध्य भारतातली अशी रुग्णालयं चालवते. आजूबाजूला मावची आणि भिली बोलणारे लोक आहेत. तिथे वरिष्ठ नर्सेस आहेत, हॉस्टेल असतं, पगार असतो, आणि दिवसभर वॉर्डात राहून भाषा कानावर पडते. दोन वर्षांत तिचं तिलाच कळेल. वॉर्डाबाहेरही त्या लोकांत राहावंसं वाटलं तर सेवेचं पुढचं शिक्षण घ्यायला पुणं आहेच, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी हे बायबलच्या अभ्यासाचं कॉलेज तिच्या घरापासून बसने जाण्याच्या अंतरावर असेल. नाही वाटलं तर ती दोन वर्षं मिशन हॉस्पिटलात काम केलेली चांगली नर्स आहे, तिला कुठेही नोकरी मिळेल. वडिलांना हा दुसरा भाग आधी सांगा.

आणि त्यांच्याशी बोलायला तिला पुढे करू नका. तुम्ही आणि पाळकसाहेब जा, शक्यतो ज्यांची स्वतःची मुलगी बाहेरगावी नोकरीला आहे असं एखादं जोडपं बरोबर न्या. त्यांची भीती काय आहे ते पूर्ण ऐकून घ्या. मग रुग्णालयाला पत्र लिहून परवानगी मागा आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलीबरोबर वडिलांनाही घेऊन जा, आई येत असेल तर तिलाही. मुली राहतात ती खोली, मेस, रात्रपाळीहून हॉस्टेलला यायचा रस्ता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, मेट्रनशी बोलावं. हो म्हणायचं की नाही ते त्यांनी पुण्याला परत आल्यावर ठरवावं, आणि तोवर मुलीने घरात हा विषय काढू नये.